सातारची सून, सांगलीची लेक

आक्का गुरांमागं गेली म्हणून मी शाळेत बसू शकलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. त्या पदवीतला मोठा वाटा तिचा आहे, हे आधीच सांगतो.

तिचं सासर कराडजवळ, सातारा जिल्ह्यात. आम्ही सांगली जिल्ह्यातले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिला खोकला लागला, बेडक्यातून रक्त पडू लागलं. तिकडच्या दवाखान्यात क्षय निघाला, सुया आणि गोळ्या सुरू झाल्या. थोड्याच दिवसांत सासूनं तिला आमच्या दारात आणून सोडलं.

"आजारी लेकीचं म्हायेरानंच बगावं," ती म्हणाली. तशी रीतच होती. वडिलांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

आमच्याकडचा कंपाउंडर म्हणाला, "सातारचा पेशंट? मग औषध तिकडंच." खेटे घालून नव्यानं उपचार सुरू व्हायला सगळा पावसाळा गेला. मग मात्र गुण आला. खोकला थांबला, अंगावर मांस चढलं. तेवढ्यात ऊसतोड आली आणि सासऱ्यांचा निरोप आला, पाठवून द्या. लेकीला सासरनं परत बोलावलं म्हणून वडिलांनी मारुतीला नारळ फोडला. पिशवीतल्या गोळ्या संपल्यावर तिकडचा दवाखाना म्हणाला, तुम्ही आता सांगलीच्या. आक्का खोकत राहिली, भाकऱ्या थापत राहिली. खोकला वाढला की पुन्हा माहेर. बरं वाटेपर्यंत औषध, आणि बरं वाटलं की एसटी. अशी काही वर्षं गेली.

मला मिरजेत नोकरी लागली, तेव्हा मी तिला तिथल्या एका डॉक्टरांकडे नेलं. सोबत सासू होती, आणि धाकटी जाऊ. आक्काच्या शेजारी चुलीपाशी बसून तीही खोकू लागली होती. डॉक्टरांनी जावेला तपासलं आणि औषध लिहिण्याआधी विचारलं,

"पुढचं दीड वर्ष कुठं राहणार?"

"सासरीच की. दुखणं वाडलं तर म्हायेरी."

"माहेर बंद. तुमच्या गावाजवळच्या केंद्राला चिठ्ठी देतो. औषध तिथं, नर्ससमोर घ्यायचं. बरं वाटलं तरी सोडायचं नाही. सासूबाई, ऐकलंत?"

"व्हय की. न्हाई धाडत," सासू म्हणाली. इतक्या सहज, की माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आक्काच्या छातीचा फोटो पाहून डॉक्टर मला व्हरांड्यात घेऊन गेले. "अर्धवट औषधांनी जंतू निगरगट्ट झालेत. या गोळ्या आता चालायच्या नाहीत. फार उशीर झाला."

परतताना आक्का खिडकीशी बसली होती, तोंडावर पदर धरून.

"तिला इचारलं, कुठं राहणार म्हून. मला न्हाई इचारलं रं."

"विसरले असतील."

"लय शिकलास गड्या," ती म्हणाली, "पर खोटं बोलाय न्हाई शिकलास."

जाऊ पुरती बरी झाली. तिच्यापासून पुढं कुणाला लागण झाली नाही. आक्का आमच्याकडेच राहिली. त्या वर्षीही ऊसतोड आली, पण तिला कुणी बोलावलं नाही.