ओटी कोणाच्या नावानं?

माझं अकोल्यात जठारपेठेत मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. लोकांच्या ओट्यांसाठी खण फाडून देण्यात माझी कितीतरी वर्षं गेली, आणि माझं गर्भाशय काढलं तेव्हा स्वतःच्या ओटीचा विषय मी मनातून पुसून टाकला. सरोगसीसाठी इथल्या कायद्यानं मोबदला न घेता तयार होणारी बाई लागते. नात्यात विचारलं, तर माणसं आमच्या घरी यायचीच बंद झाली. शेवटी जॉर्जियातल्या एका दवाखान्यामार्फत तिकडच्या एका बाईनं आमचं बाळ पोटात वाढवायचं कबूल केलं.

दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा मला आनंद व्हायला पाहिजे होता. वाटली ती भीती. ती पडली तर? तिनं बाळ दिलंच नाही तर? सोनोग्राफीचा फोटो आला की मी त्यातलं इवलंसं नाक पाहत बसायची, पण ती कशी आहे, जेवते का, हे एकदाही विचारलं नाही. उलट तिचा रागच यायचा. जे देवानं मला दिलं नाही ते तिच्याजवळ होतं ना! कागदांवर तिचं नाव होतं, त्याखाली मी सह्या केल्या, पण नाव डोक्यात ठेवलं नाही. घरात आम्ही तिला 'ती बाई'च म्हणायचो.

सातव्या महिन्यात एका शुक्रवारी, दुकान नुकतंच उघडलेलं, दवाखान्यातल्या दुभाष्या मुलीचा फोन आला. त्या बाईचं बीपी एकदम चढलं होतं, डोळ्यांपुढं अंधारी येत होती. कदाचित आजच बाळ काढावं लागेल, दोघांच्याही जिवाला धोका आहे, म्हणाली. आमचा व्हिसा अजून यायचा होता. हातातली कात्री खाली ठेवली. यांना फोन करून सांगितलं, एक हिरवा खण फाडला, शटर ओढलं आणि माहेरची वाट धरली, अमरावतीची, अंबादेवीकडं. मूर्तिजापूर येईपर्यंत मी दहादा फोन पाहिला असेल.

देवळाबाहेर हार-फुलं विकणाऱ्या एका म्हातारीकडून ओटीचं सामान घेतलं. माझे डोळे वाहत होते. म्हातारीनं माझ्या हातून खण घेतला आणि नारळ-तांदळांसोबत ताटात लावला.

"काहून रडून राहिली व माय? ओटी कोनाच्या नावानं हाय?"

"लेकराच्या."

"कुठी हाय लेकरू?"

काय झालं कोण जाणे, नातेवाइकांपासून लपवलेलं जॉर्जियातलं सगळं मी त्या अनोळखी बाईला सांगून टाकलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मंग तिच्या नावानं भर ना. लेकरू तिच्यातच हाय, का हवेत लटकून राहिलं? नाव काय तिचं?"

माझ्या बाळासाठी एक बाई मरणाच्या दारात पडली होती आणि मला तिचं नाव माहीत नव्हतं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

तिथूनच यांना फोन लावला. "कपाटातले कागद काढा, तिचं नाव सांगा." यांनी वाचलं, नीनो. दोन मुली आहेत तिला, तेही वाचलं. मी आत गेले, पदर पसरला. आजवर फक्त माझंच मागत आले होते. त्या दिवशी म्हटलं, "माय, बाळाचं तू पाहून घे, मी सोडलं तुझ्यावर. पण या नीनोले तिच्या लेकरायजवळ धड घरी जाऊ दे." पुजाऱ्यानं ओटीतले मूठभर तांदूळ माघारी दिले.

भीती गेली नाही, खोटं कशाला सांगू? बसस्टँडवर पोचले तोच निरोप आला. बीपी उतरलंय, नीनोला झोप लागलीय, डॉक्टर थांबायला तयार आहेत. ओटी कधी भरली आणि बीपी कधी उतरलं, याची घड्याळं मी जुळवत बसले नाही. बाकड्यावर बसून रडले.

पुढचे पाच आठवडे जीव मुठीत धरूनच काढले, पण रोज पहिला प्रश्न असायचा, नीनो कशी आहे? व्हिसा आला, आम्ही पोचलो, आणि दोन दिवसांनी मुलगी झाली. नीनोला भेटायला जाताना पुन्हा तीच भीती. तिनं बाळाला सोडलं नाही तर? तिच्या खोलीत गेले. हळद-कुंकू लावलं, एक नवा खण आणि अंबादेवीचे ते तांदूळ पुढं केले. ओटी म्हणजे काय हे दुभाष्या मुलीनं तिला समजावलं. नीनोनं दवाखान्याच्या गाऊनचा घेर दोन्ही हातांनी पसरला. मी ओटी भरली.

मग तिनं माझ्याकडं पाहून माझं नाव घेतलं. अडखळत, पण बरोबर. मी चमकले. दुभाषी मुलगी म्हणाली, "तिला पहिल्यापासून पाठ आहे. पोटावर हात ठेवून रोज बाळाला सांगायची, तुझ्या आईचं नाव हे आहे म्हणून."

आता दर शुक्रवारी दुकान उघडण्याआधी लेकीला कडेवर घेऊन देवापुढं उभी राहते. मागायचं फारसं सुचत नाही. आधी नीनोचं नाव घेते, मग लेकीचं. माझं घ्यायचं राहून जातं, पण ते नाव अंबामायला माहीतच आहे.