लफेव्र म्हणजे लोहार

मी आज जो काही आहे, तो आमच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींमुळे. वडील मला शाळेत घालायला घेऊन गेले, तेव्हा गुरुजींनी लोहार हे आडनाव लिहिलंच नाही. गावाच्या नावापुढे 'कर' लावून लिहिलं. "पुढं शहरात बरं पडेल," ते म्हणाले. वडील भाता सोडून आले होते. "गुरुजी म्हणत्यात तर असंल," एवढंच बोलले.

घरातला पहिला पदवीधर मीच. आता कुवेतमध्ये शर्क भागातल्या एका ऑफिसात हिशेब बघतो. आमचे साहेब फ्रेंच. ईमेलवरचं स्पेलिंग वाचून आम्ही त्यांना 'लेफेबव्रे सर' म्हणायचो. एकदा जेवताना ते हसून म्हणाले, "लफेव्र! मधला बी बोलायचा नाही."

"मग लिहायचा कशाला?" शेजारच्या टेबलावरच्या रत्नागिरीच्या भाईंनी विचारलं.

साहेबांनी सांगितलं, नावाचा अर्थ लोहार. शब्द लॅटिन 'फाबेर'वरून आलाय हे दिसावं म्हणून जुन्या काळच्या शिकलेल्या लोकांनी तो बी घुसवला. "आम्ही मात्र लोहार ते लोहारच!"

भाई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "घ्या, साहेब लोहार निघाले!" मी हसलो. उरलेला डबा मात्र तसाच बंद केला.

फरवानियाला घरी आलो तर मुलगी वाटच बघत होती. इथे शाळेचा आठवडा रविवारी सुरू होतो; त्या दिवशी वर्गात आडनावाचा अर्थ सांगायचा होता. "बाबा, आपल्या सरनेमचं मीनिंग काय?"

"त्या गावचे."

"बट मी तर तिथे कधी राहिलेच नाही!"

खरंच होतं. लोहार सांगावं, तर 'मग चेंज का केलं?' असं ती विचारणार. गुरुजींनी भल्यासाठी केलं, यात शंका नाही. मग सांगताना मी अडखळतो का? शेवटी कागदावर लिहिलं आणि फोटो काढून गुरुजींच्या मुलाच्या व्हॉट्सॲपवर पाठवला:

"गुरुजी, साष्टांग नमस्कार. इथे माझे साहेब लोहार आहेत आणि ते मोठ्याने सांगतात. तुम्ही दिलेल्या नावानेच मी इथवर आलो, ते मी सोडणार नाही. पण मुलीने रविवारी वर्गात 'आम्ही लोहार' असं सांगितलं, तर त्यात तुमचा अवमान तर होत नाही ना? तेवढं कळवा.

तुमचा,
लोहाराचा धाकटा"