काखेतले हात

काष्टीच्या बाजारात एसटीची वाट बघत एक गडी माझ्या शेजारी बसला होता. भर उन्हात दोन्ही हात काखेत दाबून. मी विचारलं, "हिव भरलंय का काय?"

"न्हाई बाबा. बांधावरनं भावकीतल्या एकाचं डोकं फोडलं. वकील म्हनला, कबूल कर. केलं. पहिलाच गुन्हा म्हनून कोर्टानं चांगल्या वागनुकीच्या बाँडवर सोडलं. वरीसभरात कुनावर हात उचलला, तर सरळ तुरुंग. मला सोडलंय, पन हात कोर्टानंच ठिवून घेतल्यात."

तेवढ्यात डोकं फुटलेला तो भाऊबंदच समोर आला. त्यानं याची टोपी उडवली. "उचल की आता! का बायकोला इचारून येतो?"

हा ताडकन उठला. एक हात काखेतून सुटला, मूठ वळली. आता हा मारतोय आणि आत जातोय.

मला कुठला बाँड नव्हता. मी मधे उभा राहिलो आणि त्या भाऊबंदाची आईबापासकट पूजा बांधली. माणसं जमली, तसा तो सटकला.

यानं टोपी झटकली. "बाबा, तोंड लई वंगाळ हाय तुमचं. घरी कुनी गप करीत न्हाई?"

"करायची," मी म्हणालो. "महिना झाला तिला जाऊन."