अमेरिका आमच्याच घरी

तो आमच्याकडं आला की आधी खुर्ची उचलायचा आणि तिचं तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडं करून बसायचा. मी इकडं, त्याची पाठ माझ्याकडं. मग आत बघून म्हणायचा, "बठ्ठा माणसं सारखाच शेतस, वहिनी." सगळी माणसं सारखीच, म्हणे. जग पाहून आलेला माणूस. त्याला असं बोलायचा हक्क होता.

जळगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये, सरकी काढतात तिथं, आम्ही दोघं होतो. मी मशीनवर फिटर, तो कापसाचा ग्रेडर. मूठभर कापूस घ्यायचा, दोन बोटांत ओढायचा, मान हलवायचा. झालं काम. माझे हात कोपरापर्यंत ग्रीसमध्ये, त्याचा शर्ट पांढरा. तुम्हीही असा एखादा पाहिला असेल.

साठ-सत्तर सालच्या सुमारास गावातल्या डॉक्टर-वकिलांचा एक सेवा क्लब होता. वेगवेगळ्या धंद्यातली चार-पाच माणसं ते अमेरिकेला पाठवायचे. तिकडलं काम बघायचं, आणि राहायचं तिकडल्या क्लबवाल्यांच्या घरी, घरच्यासारखं. कापसाकडून एक माणूस पाहिजे होता. तो मॅट्रिक, थोडं इंग्रजी बोलायचा. मी चौथी. मला कोण विचारतो? स्टेशनावर हार त्याच्या गळ्यात आणि ट्रंक माझ्या डोक्यावर.

आमच्या हिनं त्याला लसणाची कोरडी चटणी बांधून दिली. तो गेल्यावर रोज जेवताना हिचं एकच, भाऊंना तिकडं काय मिळत असेल? ते तर अंडंसुद्धा खात नाहीत. मी समोर ताटावर बसलेला, आणि हिला काळजी समुद्रापलीकडल्या पोटाची.

परत आला तो गोष्ट घेऊनच. दर आठवड्याला घर बदलायचं, आणि प्रत्येक घरी पाव, दूध, उकडलेला बटाटा. शेवटचं घर एका कापूसवाल्या शेतकऱ्याचं होतं. एक दिवस घरातल्या म्हातारीबरोबर हा बाजारात गेला आणि तिथं याला वांगी दिसली. काळीभोर, मोठाली. याचा जीव त्यांच्यावर गेला ना! घरात गॅसची शेगडी होती. पण आपल्याकडं भरताचं वांगं भाजतात ते कापसाच्या वाळल्या काड्यांवर, आणि काड्या तर मागच्या शेतात उभ्याच होत्या. हा क्लबनं शिवून दिलेला कोट घालूनच शेतात शिरला, काड्या उपटल्या, म्हातारीच्या हिरवळीवर रचल्या आणि पेटवल्या. धूर बघून शेजारी पाण्याची बादली घेऊन धावला. हा वांग्यावर ओणवा झाला आणि म्हणे, मला भिजवा, वांगं भिजवू नका. मग हिची चटणी घालून भरीत केलं. म्हातारी डोळे पुसत दोनदा मागून जेवली.

ही हसताना पदर तोंडाला लावायची. त्या दिवशी पदर राहून गेला. आमच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. एवढं हसवणं मला काही जमलं नव्हतं.

पुढं दर रविवारी ही म्हणायची, भाऊ, ती काड्यांची सांगा. आणि गोष्ट वाढत गेली. बादलीचा पाइप झाला, शेवटी तर आगीचा बंबच आला. तो गेल्यावर मी हिला म्हटलं, बंब खोटा आहे.

"माहीत शे माले," ती म्हणाली. "तुम्ही एखादं खोटं सांगा ना तसं."

मी काय सांगणार? आमच्या जिनिंगमध्ये पट्टा तुटला तर तुटला. त्याचा बंब होत नाही.

ही आजारी पडली तेव्हाही तो यायचा. पथ्य मी बघायचो, अंग मी पुसायचो. आणि हसायची ती त्याला. मला ते तेव्हा आवडलं नाही, आजही आवडत नाही.

ही गेल्यावर महिनाभरानं तो आला. घरात काही आवाज पाहिजे म्हणून मीच म्हटलं, ती काड्यांची सांग बरं.

"नाना, वहिनी नाहीत. कोणाले सांगू?"

"मी आहे ना."

"तुम्ही कधी हसले का?"

पुढं तो पोराकडं धुळ्याला राहायला गेला, आणि तिथंच वारला. मी दहाव्याला गेलो. पोरगा जवळ बसला. म्हणाला, काका, बाबा अमेरिकेला गेले होते, पण घरात कधी काही बोललेच नाहीत. विचारलं की म्हणायचे, सगळं आपल्यासारखंच. तुमच्याकडं काही बोलले असतील तर सांगा. आत दारामागं पोराची आई उभी राहिलेली मला दिसली.

मी सांगितलं. विमानात कान दुखले, थंडी फार होती, दर आठवड्याला घर बदलायचे, पाव खायचे. पोरगा ऐकत होता. बाई दाराबाहेर आली, भिंतीला टेकून बसली.

"इतलंच?" तिनं विचारलं.

ती काड्यांची सांगून तिचा नवरा तिला मी द्यायला पाहिजे होता, असं तुम्ही म्हणाल. पण मग माझ्याकडं माझ्या बायकोचं काय राहतं?

"इतलंच," मी म्हटलं, आणि एसटी चुकेल म्हणून उठलो.