हातगाडीतली खुर्ची

नेड्रा ऑट्लीला उन्हाळ्याचा तिटकारा होता. सहा महिने बर्फ उपसणाऱ्या आमच्या खोऱ्यात असं म्हणणारी दुसरी बाई शोधून सापडायची नाही. पण उन्हाळा म्हणजे सहली, आणि सहली म्हणजे डेलमार. डेलमार तिचा नवरा.

डेलमार विमा विकायचा आणि दर उन्हाळ्यात "मी घरच्यांना सहलीला नेतो" असं गावभर सांगत फिरायचा. नेतो म्हणजे काय, तर गाडीत जाऊन बसतो आणि भोंगा वाजवतो. आत नेड्रा बर्फाची पेटी भरतेय, तंबूच्या खुंट्या मोजतेय, नातवंडांचे लंगोट कोंबतेय, आणि बाहेरून हा, "नेड्रा, झालं का? का पुढच्या बर्फाची वाट बघतेस?" स्वतःच्याच विनोदावर हसायचासुद्धा. बेअर लेकला पोचलं की स्वतःची हिरवी घडीची खुर्ची काढायची, दोन्ही हातांना पेल्याची खोबण असलेली, ती पाण्याकडे तोंड करून मांडायची आणि म्हणायचं, "वा! कुटुंब म्हणजे हे!" मग अंधार पडेस्तोवर बूड हलायचं नाही.

निखाऱ्यावर बिडाचं भांडं ठेवून बटाटे, कांदे आणि डुकराच्या मांसाच्या पट्ट्या शिजवायच्या नेड्राने. तंबू ठोकायचा तिने, पोरं बुडत नाहीत ना ते बघायचं तिने. जेवण तयार झालं की हा सगळ्यांना गोल उभं करून प्रार्थना म्हणायचा. इतकी लांब की बटाटे गार व्हायचे. आणि प्रार्थनेत रडायचा. रडण्यात डेलमारचा हात धरणारा आमच्या वॉर्डात, म्हणजे चर्चच्या मंडळीत, कुणी नव्हता. महिन्याच्या पहिल्या रविवारी लोक चर्चमध्ये उठून आपल्या श्रद्धेची साक्ष देतात, तेव्हा हा हमखास उठायचा, आणि तिसऱ्या वाक्याला गळा दाटलाच समजा. रडणं हा त्याला माहीत असलेला एकमेव व्यायाम.

गंमत म्हणजे याच रडण्याला नेड्रा भुलली होती. गवळ्याची पोर, पहाटे गाई पिळणारी, गवताचे गठ्ठे स्वतः उचलून गाडीवर रचणारी. तिच्या बापाने उभ्या आयुष्यात डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं. मग एका रविवारी हा लांब पापण्यांचा पोरगा आपल्या आईबद्दल बोलता बोलता हुंदके द्यायला लागला, आणि ही बावळट बाई मनात म्हणाली, किती मऊ काळजाचा आहे! जो रडतो त्याला दुसऱ्याचं दुखणं कळत असणार, असा तिचा हिशेब. त्याला नुसतं रडायला आवडतं, हे कळायला पहिलं मूल व्हावं लागलं. तिला कळा येत होत्या आणि हा पलंगाशेजारी डोळे पुसत म्हणत होता, "नेड्रा, मला किती पवित्र वाटतंय!" दवाखान्यात आणलेली पिशवी गाडीतून आत आणायची मात्र राहून गेली होती.

तेव्हापासून नेड्राने नवऱ्याचा तिरस्कार केला. आरडाओरडा न करता, रोजच्या रोज, घरकामासारखा. आणि जमेल तेवढं ओझं उचलत राहिली, कारण न उचललं तर ते तिथंच पडून राहायचं.

हे सगळं तिने गिळलं असतं. पण आता धाकट्या मरिंडाचं लग्न ठरलं होतं.

मुलगा केल्टन रिग्बी. धर्मप्रचाराच्या मिशनवरून परतलेला, उंच, दात सरळ. ऑगस्टमध्ये चर्चच्या मंदिरात लग्न, आणि मग डेलमारच्याच कचेरीत नोकरी. मे महिन्यात तो पहिल्यांदा आमच्या चर्चमध्ये बोलायला उभा राहिला आणि तिसऱ्या वाक्याला त्याचा गळा दाटला. मरिंडा घरी येऊन म्हणाली, "आई, किती हळवा आहे गं तो!" हेच वाक्य नेड्राने एकदा मनात म्हटलं होतं.

बोलायची सोय नव्हती. एकदा तोंड उघडून बघितलं तर मरिंडा फणकारली होती, "तुला कुणातच काही चांगलं दिसत नाही, आई. बाबांमध्येसुद्धा नाही."

"बाबांमध्ये शोधून थकले मी."

"बघ! हेच म्हणतेय मी!"

मग जूनच्या सहलीत एक गोष्ट घडली. बटाटे खाली लागले, भांडं काळंठिक्कर झालं, आणि कुणी न सांगता केल्टन उठला, तळ्याकाठी उकिडवा बसला आणि वाळूने ते घासायला लागला. नेड्रा तंबूच्या दोऱ्या सोडून बघतच राहिली. हा रडून मोकळं होणाऱ्यांतला नसावा. नाहीच तो त्यातला! डेलमार खुर्चीतून ओरडला, "शाब्बास, बेटा!" आणि केल्टन लाजून हसला. त्या हसण्याने नेड्राला जरा खुपलं, पण तिने ते झटकलं. येताना तिने घमेलंभर रासबेऱ्या घेतल्या आणि लग्नाच्या पाहुण्यांना द्यायला जॅम केला. छोट्या छोट्या बरण्या, प्रत्येकीला रिबीन, तळघराची फळी भरून. एका घासलेल्या भांड्यावर बाईने केवढी आशा बांधावी!

तरी खात्री होईना. लग्नाआधी एकदा तरी, शाब्बास म्हणणारं कुणी नसताना, हा पोरगा काय करतो ते तिला बघायचं होतं. म्हणूनच जुलैत डेलमारने "आपल्याला हातगाडी यात्रेत मा आणि पा नेमलंय" असं छाती फुगवून सांगितलं, तेव्हा ती नेहमीसारखी कपाळाला हात लावून बसली नाही. या यात्रेत चर्चची पोरं गाडीगाडीला वाटून देतात आणि प्रत्येक गाडीला मा आणि पा, म्हणजे तीन दिवसांचे आईबाप, नेमतात; मरिंडा आणि केल्टन त्याच गाडीवर मोठी बहीण, मोठा भाऊ म्हणून येणार होते. "येते," म्हणाली.

आता आमच्या खापरपणज्यांनी हातगाड्या ओढत मैदानं तुडवली, उपाशी, गारठत, वाटेत पोरं पुरत, हे खरं. त्याला हसायची कुणाची छाती नाही. पण त्यांच्या खापरपतवंडांनी वायोमिंगच्या माळावर टोपडी आणि गॅलिस घालून तीन दिवस तेच करायचं, आणि मागून ट्रकवर प्लॅस्टिकचे संडास यायचे, याला काय म्हणावं? डेलमार तर दाढी वाढवून आला होता. आरशासमोर उभा राहून म्हणाला, "नेड्रा, माझ्यात पूर्वजांचं काहीतरी दिसतं ना?"

"पोट दिसतंय," नेड्रा म्हणाली.

नियम एकच कडक होता. प्रत्येकाने आपलं सामान एका बादलीत मावेल तेवढंच आणायचं, आणि तीच बादली पालथी घालून बसायला घ्यायची. डेलमारने सगळ्या पोरांना गोळा करून त्यावर भाषण दिलं. "आपल्या पूर्वजांना खुर्च्या नव्हत्या!" म्हणाला. डोळेही पाणावले. त्यांच्या वाट्याला आलेली पोरं आणि पोरी भारावून ऐकत होत्या. केल्टन मान डोलावत होता.

पहिल्या दिवसापासून त्यांची गाडी मागे पडली. पोरी चर्चच्या रीतीने म्हणायच्या, "सिस्टर ऑट्ली, आपलीच एवढी जड कशी?" नेड्राला वाटलं चाकाला वंगण नसेल. डेलमार गाडीच्या बाजूने हात मागे बांधून चालत होता आणि म्हणत होता, "जड आहे म्हणूनच शिकवण आहे, पोरींनो." दांडीला केल्टन होता, हे मात्र नेड्राने पाहिलं. घाम गाळत होता बिचारा. तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकांची चढण आली. ही दर यात्रेत असते. पुरुषांना फौजेत खोटंखोटं बोलावणं येतं आणि ते निघून जातात, मग बायकांनी एकट्यांनी गाड्या टेकडीवर चढवायच्या. फौजेची ती गोष्ट हातगाड्यांच्या दहा वर्षं आधीची, पण रडायला बरी म्हणून घुसडलेली. पुरुष चढणीच्या दोन्ही बाजूंना रांगेत उभे राहतात, टोप्या काढून छातीशी धरतात, आणि बोलायचं नाही, हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. हातात टोपी धरून बायकोचं ओझं बघत उभं राहायचं! डेलमार यासाठीच जन्माला आला होता.

बाकी गाड्या वर पोचल्या. ऑट्लींची शेवटची. मरिंडा पुढे दांडीत, पोरी दोन्ही अंगांना, नेड्रा मागून रेटत. सेजच्या झुडपांत भुसभुशीत माती. अर्ध्या चढणीवर नेड्राचा पाय निसटला, ती गुडघ्यावर आली, गाडी हातभर मागे सरकली आणि लोखंडी धावेचं चाक तिच्या घोट्यावर चढून थांबलं.

"डेलमार!" ती किंचाळली. "चाक! पाय सापडलाय!"

डेलमार तिथून चार पावलांवर उभा होता. त्याने तिच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा विरघळला, ओठ थरथरले, आणि टोपी छातीशी आणखी घट्ट धरून तो ढसाढसा रडायला लागला. त्याला ते सगळं फार सुंदर वाटत होतं.

"केल्टन!" मरिंडा दांडी पोटाशी दाबून ओरडली. "केल्टन, ये ना! आई अडकलीय!"

केल्टन रांगेतून बाहेर आला. एक पाऊल. नेड्राने मातीतून मान वर करून ते पाऊल बघितलं. घोट्याचं तिला काही वाटेना, ती नुसती त्या बुटाकडे बघत होती. ये बाबा. ये. डेलमारने हात आडवा धरला आणि रडक्या आवाजात म्हणाला, "नाही, बेटा. हा त्यांचा क्षण आहे. तो हिरावू नकोस."

केल्टनने त्याच्याकडे बघितलं. मग मरिंडाकडे. मग तो पाऊल मागे घेऊन रांगेत उभा राहिला, टोपी छातीशी धरली, आणि थोड्या वेळाने त्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

शेवटी पोरींनीच खांदे लावले. "एकदम! आता!" करत चाक उचललं आणि नेड्राला काखेत धरून बाजूला ओढलं. घोटा भोपळ्यासारखा सुजत होता. गाडी पुन्हा खाली ओढत होती, मरिंडा टाचा रोवून दांडीला लटकली होती.

"आई, काय करू? अजून निम्मी चढण आहे."

"सोड," नेड्रा म्हणाली.

"काय सोडू?"

"दांडी सोड, मरिंडा. खाली कुणी नाही. मी कधी सोडली नाही, तू सोड."

मरिंडाने एकदा रांगेकडे बघितलं. तिथे दोघं शेजारी शेजारी उभे होते, सारखीच मान कलती, सारखीच टोपी, सारखंच नाक लाल. ती दांडीतून बाहेर पडली आणि तिने हात वर केले.

गाडी खडखडत सुटली, खालच्या खडकावर आदळली आणि उलटली. बादल्या गडगडत गेल्या. पिठाचं पोतं फुटलं. त्याच्या खालून एक बर्फाची पेटी बाहेर पडली, तिच्यातून रूट बिअरचे, नावालाच बिअर असलेल्या गोड सोड्याचे, डबे फुसफुसत उतारावर पळाले, आणि सगळ्यांत शेवटी, पांघरुणात गुंडाळलेली, हिरवी घडीची खुर्ची.

"खुर्ची!" डेलमार ओरडला. रडणं जागच्या जागी थांबलं. पूर्वजांच्या त्या वारसाने टोपी फेकली आणि टेकडी उतरत धावत सुटला. त्याच्या मागोमाग केल्टन, आणि केल्टनच्या मागोमाग सगळी रांग. बाई चाकाखाली गेली तेव्हा हात लावायचा नव्हता. रूट बिअरला मात्र चाळीस हात लागले.

डेलमार खालूनच ओरडत होता, "काय केलंस हे, नेड्रा! सगळ्या वातावरणाचा विचका केलास! ही खुर्ची माझ्या पाठीसाठी होती, डॉक्टरांनी सांगितलंय मला!"

केल्टनने खुर्ची उचलली. तिच्यावरचं पीठ बाहीने पुसलं, चारी पाय दाबून बघितले, उघडली आणि सपाट जागा शोधून मांडली. "बसा, ब्रदर ऑट्ली," म्हणाला. "मोडलेली नाही."

म्हणजे काम करायचा तो. कुणासाठी करायचा, तेवढं आता कळलं.

मरिंडा घागरा वर धरून टेकडी उतरली. डेलमार टेकायच्या आधी तिने खुर्ची ओढून घेतली.

"अगं, ती बाबांची आहे," केल्टन म्हणाला. "त्यांच्या पाठीला..." तिचं तोंड बघून तो चाचरला. "आईंचा पाय कसा आहे?"

"आता विचारतोयस?"

"मरिंडा, नियम होता ना. मला काय आतून कमी दुखलं? मी रडलो तिथे."

"बघितलं मी," मरिंडा म्हणाली.

तिने खुर्ची वर नेली, आईला बसवलं, बादली पालथी घालून तिच्यावर पाय ठेवला. एका पोरीने न फुटलेला गार डबा शोधून आणला आणि घोट्यावर धरला. नेड्रा आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीत बसली होती. चांगली होती खुर्ची. पाठीला छान टेकता येत होतं.

खालून डेलमार मायलेकींकडे बघत होता. त्याचा गळा पुन्हा दाटून आला. केल्टनच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "बघ बेटा, बघ. आई आणि मुलगी. याहून पवित्र काय असतं?" केल्टनने डोळे पुसले.

मरिंडा आईच्या पायाशी मातीत बसली होती. तिने बोटातली अंगठी काढून रूट बिअरच्या रिकाम्या डब्यात टाकली आणि तो डबा खुर्चीच्या खोबणीत ठेवून दिला.

"आई, त्या जॅमचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?" नेड्रा म्हणाली. "रिबिनी सोडू आणि हिवाळाभर खाऊ."