सहा कान, एक पाय

बोंग माल्सुनने एखादी गोष्ट मनावर घेतली की तिच्याशी वाद घालणं म्हणजे आपलाच घसा कोरडा करून घेणं. सोलमधल्या छांगसिनच्या टेकडीवर, जिथे दर दुसऱ्या दारामागे शिलाईचं मशीन घरघरत असतं, तिथल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याला, चा सोकगूला, तर सगळ्यात जास्त. लग्नाआधी त्याने तिला सांगितलं होतं की गिटार आणि अकॉर्डियन ही जोडी काही जमत नाही. त्यानंतरचं सगळं आयुष्य दोघांनी ती जोडी वाजवण्यात घालवलं.

लग्नं, साठीचे समारंभ, नव्या दुकानांची उद्घाटनं. आणि दरवर्षी मे महिन्यात वस्तीतल्या ज्येष्ठांची जेवणावळ. त्या दिवशी मैदानात तंबू लागतो, मोठ्या पातेल्यात तिखट बीफचं सूप उकळतं, आणि महिला मंडळाच्या बाया प्रत्येक म्हाताऱ्याच्या छातीवर लाल कार्नेशनचं फूल टाचतात. फूल खुर्चीत बसणाऱ्यांना. वाजवणाऱ्यांना नाही, मग त्यांचं वय काही का असेना. सोकगू पासष्टीचा झाला तेव्हा कुणीतरी त्याच्याकडेही फूल घेऊन आलं होतं. त्याने हात झटकला होता. म्हणाला होता, "ज्या दिवशी मी हे लावून घेईन त्या दिवशी समजा, चा सोकगू संपला."

गेल्या वर्षी त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. डॉक्टरांनी कवटीला भोक पाडून रक्त काढलं आणि माणूस वाचवला, पण डावी बाजू लुळी पडली ती पडलीच. उजव्या हाताची बोटं अजून पट्ट्यांवर पळू शकली असती. पण अकॉर्डियनचा भाता डाव्या हाताने ओढावा लागतो, आणि भाता हलला नाही तर पट्ट्या म्हणजे नुसत्या लाकडाच्या चिपा. सोकगूने वाद्य कपाटावर ठेवायला लावलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दाराबाहेर एकदाही गेला नाही. त्या उतारावर सगळ्या शिलाईवाल्यांची दारं उघडी असतात. ज्यांच्या पोरांच्या लग्नात आपण वाजवलं त्यांच्यासमोर पाय फरफटत चालायचं, हे त्याच्या जिवावर येत होतं.

मार्चमध्ये महिला मंडळाच्या ताकबाईंचा फोन आला. बाई मनाने चांगल्या, पण तोंड उघडलं की नेमकं नको ते बोलायच्या. फोनचा स्पीकर चालू होता.

"माल्सुनताई, यंदा भाऊंची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवलीय हं! मी स्वतः फूल लावणार त्यांना."

पलंगावरून आवाज आला, "घ्या. संपलो."

माल्सुनने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भिंतीवरची गिटार काढली, पिशवीत घातली आणि नाक्वॉनच्या वाद्यबाजाराची बस पकडली.

तिथे वरच्या मजल्यावर नामगुंगचं दुरुस्तीचं दुकान आहे. दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्याने श्वास बाहेर सोडायचा, एवढीच जागा. नामगुंग तिच्याहून वयाने बराच लहान. तिच्या गिटारच्या तारा तो पोरगेला होता तेव्हापासून बदलत आला होता.

"तारा बदलायच्यात का, ताई?"

"नाही. हिच्यातून अकॉर्डियन वाजवायचाय."

नामगुंग हसला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं आणि हसू आवरलं.

"होतं तसं," तो म्हणाला. "प्रत्येक तारेखाली वेगळा पिकअप बसवायचा. कुठला सूर वाजला, किती जोरात वाजला, हे ते पिकअप एका डब्याला कळवतात. त्या कळवायच्या भाषेला मिडी म्हणतात. मग डबा तोच सूर अकॉर्डियनच्या आवाजात काढतो. गिटार स्वतःची वाजत राहते ती वेगळीच."

"म्हणजे सहा तारांना सहा कान."

"तसं समजा. पण त्यासाठी एखादी साधी इलेक्ट्रिक गिटार घ्या. हिच्या घोडीला, तारा टेकतात तिथे, भोकं पाडावी लागतील, बाजूच्या फळीला एक मोठं. किती जुनं लाकूड आहे हे! मी नाही हात लावणार."

"माझ्या नवऱ्याच्या डोक्याला भोक पाडलं. तो जगला. हीसुद्धा जगेल. ड्रिल काढ."

नामगुंगने तारा सोडवल्या. तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात ती पट्टी उपसून काढली. तिच्या जागी सहा सुट्ट्या चिमुकल्या बैठका बसवायच्या होत्या, प्रत्येकीच्या पोटात एक कान. प्रत्येक कानातून केसासारखी बारीक वायर निघत होती आणि ती गिटारच्या पोटात उतरवायची होती. ड्रिल शिसवात शिरलं तसा तपकिरी भुसा वर आला आणि लाकडाचा गोडसर वास दुकानभर पसरला. माल्सुनने डोळे मिटले नाहीत. नामगुंगच्या खुर्चीची पाठ मात्र इतकी घट्ट धरली की खुर्चीसकट तोही हलला.

"ताई, धरायचंच असेल तर भिंत धरा! भोक वाकडं जाईल."

संध्याकाळी गिटार डब्याला जोडली. माल्सुनने पहिली तार छेडली आणि स्पीकरमधून अकॉर्डियन निघाला. ती एवढी खूश झाली की लगेच एक जुनी चाल सुरू केली, आणि नेहमीच्या सवयीने दुसऱ्या ठोक्याला तळहाताने गिटारच्या अंगावर थाप मारली. अकॉर्डियन बेडकासारखा डरांव ओरडला.

"थाप बंद करावी लागेल," नामगुंग म्हणाला. "हे कान भोळे आहेत. थापेलाही सूर समजतात."

"थाप बंद केली तर ठेका कोण धरणार?"

"ते तुमचं तुम्ही बघा. आणि चाल बारीक तारांवर वाजवा. जाड तारांचं ऐकायला डब्याला जरा वेळ लागतो."

उभ्या आयुष्याची सवय मोडायची म्हणजे खायचं काम नाही. माल्सुनने मनगटाला रुमाल बांधून त्याचं दुसरं टोक गिटारच्या पट्ट्याला अडकवलं. थाप मारायला हात उचलला की रुमाल ओढायचा आणि ती स्वतःलाच शिवी घालायची. समोरच्या दारात काज-बटणं करणाऱ्या बाईला वाटलं, नवरा-बायकोचं भांडण पेटलंय. एप्रिल सरता सरता थाप सुटली.

मग एका दुपारी तिने स्पीकर खोलीत आणला आणि सोकगूला ऐकवलं. त्यांचीच चाल, ज्यात सुरुवातीचा लांब सूर नेहमी त्याचा असायचा. वाजवून झाल्यावर ती वाट पाहत राहिली.

"हा अकॉर्डियन?" तो भिंतीला म्हणाला. "मला वाटलं, लिफ्टचं दार उघडतंय."

"तोंड फिरवून ऐकणाऱ्याचं मत मी विचारलेलं नाही!"

पण तो खोटं बोलत नव्हता, आणि हेच तिला डाचलं. सूर बरोबर होते, पण ते आले तसे एकाच जोराने उभे राहत आणि तसेच संपत. आत जीव नव्हता. तिने स्वयंपाकघरात जाऊन मुळा चिरायला घेतला आणि चिरता चिरता रडली. गिटारला भोकं पाडली, थाप सोडली, आणि हाती काय आलं, तर लिफ्टचं दार. सोकगू ऐकेल, वळेल, निदान शिव्या द्यायला तरी उठून बसेल, एवढीच तिची आशा होती. अकॉर्डियन तिला नकोच होता. तिला तो माणूस परत हवा होता. रडून झालं, मुळाही चिरून झाला, तशी ती पुन्हा नाक्वॉनला निघाली.

"आवाज मेलेला आहे," ती नामगुंगला म्हणाली.

नामगुंगने कपाळावर हात मारून घेतला. "भाता! भाता राहिलाच की." आणि खालच्या फळीवरून त्याने एक पेडल काढलं, शिलाई मशीनच्या पायपट्टीसारखं. पुढे दाबलं की आवाज फुगतो, टाच दाबली की ओसरतो.

घरी येऊन तिने मोजा घातलेला पाय पेडलवर ठेवला आणि सुरू केलं. आता तिची थाप गेली होती, पण ठेका कुठेतरी जायलाच हवा ना? तो पायात उतरला. पाय ठेक्यावर नाचायला लागला आणि अकॉर्डियनला उचक्या लागल्या. तिने पायाला दटावलं, तर बोटं चुकली. बोटांकडे पाहिलं, तर पाय नाचला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा. आणि पुन्हा.

"थांब!" पलंगावरून ओरडा आला. "भाता ओढतेयस का कणीक तिंबतेयस? श्वास कुठे संपतो तेसुद्धा कळत नाही तुला?"

"नाही कळत! मी कधी भाता ओढलाय? तुम्ही सांगा ना कुठे संपतो ते!"

"सांगून कळण्यासारखं आहे का ते?"

"मग गप्प पडून राहा आणि ऐका."

ती पुन्हा वाजवायला लागली. पुन्हा उचक्या. मागे पलंग करकरला. सोकगूने उजव्या हाताने कठडा धरून स्वतःला ओढत कडेला आणलं होतं. चेहरा लाल झाला होता, आणि लुळा डावा हात मांडीवर कुणी विसरून गेल्यासारखा पडला होता. त्याने उजवा पाय जमिनीवर टेकवला.

"इकडे आण ते."

माल्सुनने वाकून पेडल त्याच्या पायाखाली सरकवलं, वायर मोकळी केली आणि पहिला लांब सूर छेडला. सूर आधी ऐकू आला की नाही इतका बारीक होता. मग हळूहळू तो भरत गेला, खोलीभर झाला, आणि जिथे सोकगूने आयुष्यभर तो सोडला होता नेमका तिथेच ओसरला. तिने तिरक्या नजरेने पाहिलं. पाय पेडलवर होता, पण वर डावा खांदा, जो वर्षभर हलला नव्हता, तो किंचित उचलला जात होता, भाता ओढल्यासारखा.

"बघतेस काय? वाजव पुढे," तो म्हणाला. "आणि तिसरी तार उतरलीय. कान गेले वाटतं तुझे."

त्यानंतर घरात सुख असं राहिलं नाही. सोकगू सकाळी उठल्यापासून चुका काढायचा. सूप थंड व्हायचं, औषधं राहून जायची. ती म्हणायची, "याच्यापेक्षा भिंतीकडे तोंड होतं तेच बरं होतं." तो म्हणायचा, "भोकं कुणी पाडायला सांगितली होती?" समोरच्या बटणवाल्या बाईला आता भांडणाची शंका उरली नव्हती, खात्रीच झाली होती.

जेवणावळीच्या दिवशी नामगुंग डबा आणि स्पीकर न्यायला आला. सोकगूला पाठीवर घ्यायचं असं तो मनाशी ठरवूनच आला होता. तो दारात पाठ करून वाकलाही.

"सामान उचल," सोकगू म्हणाला. "मी सामान नाही."

तो काठी टेकत निघाला. डावा पाय दर पावलाला जमिनीवर घासत होता. उतारावर मशीनांची घरघर एकेका दारात थांबत गेली. कुणी "भाऊ!" म्हणून हाक मारली, कुणी नुसतंच उभं राहिलं. माल्सुन गिटार पाठीला लावून त्याच्या डाव्या बाजूने चालत होती. हात धरला नाही, पण हातभर अंतरही पडू दिलं नाही. तो मध्येच भिंतीला टेकला. तिला वाटलं, आता परत फिरेल.

"ती तिसरी तार बघितलीस ना?" तो धापा टाकत म्हणाला.

"बघितली हो! चला."

तंबूत पहिल्या रांगेत त्याच्या नावाची खुर्ची खरंच ठेवलेली होती. सोकगूने तिच्याकडे पाहिलं आणि काठीने नामगुंगला खूण केली. नामगुंगने खुर्ची उचलून मंचावर नेली, माल्सुनच्या स्टुलाशेजारी. सोकगू चढला, बसला. मग त्याने उजवा बूट काढायला लावला, कारण तळव्याला पेडल कळायला हवं होतं. मोज्यातला पाय त्याने पेडलवर ठेवला. माल्सुनने तारा जुळवल्या.

तेवढ्यात ताकबाई फुलांची परडी घेऊन मंचाच्या पायऱ्या चढून आल्या. डोळे भरलेले, हातात लाल कार्नेशन, टाचणी उघडलेली. त्या त्याच्या छातीशी वाकल्या.

सोकगूने उजवा हात आडवा धरला.

"नंतर या, बाई," तो म्हणाला. "आत्ता मी कामावर आहे."