बाबांचा डावा गाल

इकडे आखातात, सोहारच्या आमच्या मराठी मंडळाने यंदा गणपतीसाठी शॉर्टफिल्म काढली. आम्ही सगळे कारखान्यातले फिटर नाहीतर वेल्डर, पण हौस दांडगी. एडिटिंग माझ्या गळ्यात पडलं. शूटिंगच्या दिवशी आमचा हीरो शेठ झाला होता, वर कोट-टाय आणि खाली चुरगळलेली हाफ पँट. मी वैतागलो, "अरे, हे काय ध्यान!" तो दात काढत म्हणाला, "क्लोजअप आहे ना? मग खालचं कोण बघतंय?"

आणि खरंच, एडिटिंगला बसलो तर पडद्यावर तो पक्का शेठ दिसत होता. मी मात्र माऊस सोडून तसाच बसलो. मला बाबा आठवले.

दर शुक्रवारी मी गावी व्हिडिओ कॉल करतो. गेले कित्येक महिने मला बाबांचा फक्त चेहरा दिसायचा, तोही डाव्या बाजूने. फोन आई धरायची आणि बोलायचीही तीच. मी विचारावं, "बाबा, जेवलात का?" की आईचं उत्तर तयार, "जेवले हो, घावणे खाल्ले." बाबा नुसती मान हलवायचे. मला वाटायचं, मे महिन्यात गावी गेलो नाही म्हणून रुसलेत. बाहेरदेशी असलेल्याला वाईट बातमी कळवायची नाही, ही आमच्याकडची रीतच. आजी गेली तेही मला तेरावं उरकल्यावर कळलं होतं. तरी माझी ट्यूब पेटली नाही!

तिथूनच कॉल लावला. "आई, फोन घेऊन जरा मागे सरक."

"रेंज जाते रे मागे."

"रेंज गेली खड्ड्यात! सरक म्हणतो ना!"

ती दारापर्यंत मागे गेली. बाबा खाटेवर होते. उजवा हात उशीवर ठेवलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं.

"शिमग्यानंतर झटका आला," आई म्हणाली. "वाचाच गेली. तुला सांगू म्हटलं, तर यांनी हातानेच नको नको केलं. तू नोकरी टाकून आला असतास."

संतापाने माझं डोकं फिरलं आणि रडूही फुटलं. तेवढ्यात बाबांनी डावा हात उचलून आईला खुणावलं, जवळ ये, जवळ. मला पुन्हा तोच चांगला गाल दाखवायचा होता त्यांना.

"नाही आई, तू तिथेच थांब," मी म्हणालो. "बाबा, मला तुम्ही अख्खे दिसायला हवेत."